वस्तऱ्याच्या मुठींचं पॉलिश किट : कागदांना पैकीच्या पैकी, कार्डाला भोपळा

मी दाढी करत नाही, तेव्हा वस्तऱ्याच्या धारेबद्दल माझ्याकडून काही ऐकायला मिळणार नाही. मुठीबद्दल मात्र विचारा. ३१ वर्षं डेंटल लॅबमध्ये कवळ्या केल्या. पदार्थ हातात धरून ओळखायचा, घासायचा, झिलई आणायची, हाच धंदा. निवृत्त झाल्यावर हात रिकामे राहिले आणि दिरांनी ते बरोबर हेरलं. बुटांच्या खोक्यात सात जुने वस्तरे आणि वर एक नवंकोरं किट घेऊन आले. "वहिनी, जन्मभर लोकांचे दात चकचकीत केलेत, आता एवढं करून द्या."

तर हे त्या किटबद्दल. कंपनीचं नाव लिहीत नाही. माल कसा आहे ते कळलं की पुरे. पत्र्याच्या डब्यात ३२०, ६००, १०००, १५०० आणि २००० नंबरचे वॉटर पेपर (ओल्याने घासायचे पॉलिशपेपर; नंबर मोठा तितका कागद बारीक), पॉलिशच्या दोन कांड्या (एक तपकिरी, एक पांढरी), नारिंगी रंगाच्या तेलाची बाटली, फ्लॅनेलचा तुकडा आणि 'मूठ कशाची ते ओळखा' असं लॅमिनेट केलेलं कार्ड. डब्यावर ठळक अक्षरांत छापलंय : सर्व नैसर्गिक मुठींसाठी.

माझं भांडण या 'सर्व'शी आहे. शिंग म्हणजे केराटिन, आपल्या नखांचं आणि केसांचं भावंड. कासवाचं कवचही त्याच घराण्यातलं. हाड म्हणजे हाड. हस्तिदंताच्या तर नावातच दात आहे. तो बहुतेक सगळा डेंटीनचा, म्हणजे दाताच्या इनॅमलखालच्या भागाचा, असतो, आणि डेंटीन मी जन्मभर पाहिलंय. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, खडूचा श्रीमंत नातेवाईक. नखाला, हाडाला, दाताला आणि खडूला एकच औषध देणाऱ्या वैद्याकडे तुम्ही जाल का?

आधी कार्डाचा समाचार घेते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तेच करणार आहे. त्यावर म्हटलंय, सुई लाल होईपर्यंत तापवा आणि मुठीला टोचा. केस जळल्याचा वास आला तर शिंग, कापराचा आला तर प्लास्टिक, वासच आला नाही तर हस्तिदंत. पहिली गोष्ट, शंभर-दीडशे वर्षं टिकलेल्या वस्तूला आपण भोक पाडतोय. दुसरी, कापराचा वास येणारं ते 'प्लास्टिक' म्हणजे सेल्युलॉइड. कापूस नायट्रिक आम्लात मुरवून बंदुकीची दारू करतात त्याच कुळातलं. लाल सुई लागली तर ते वास द्यायला थांबत नाही, पेट घेतं. आणि तिसरी, हस्तिदंताला जळताना वास येत नाही हे साफ चूक. दाढ कोरताना जो वास सुटतो तोच येतो. तो ज्याने एकदा घेतलाय तो विसरत नाही. हे कार्ड लिहिणारा कधी दातांच्या खुर्चीत बसला नसावा, किंवा बसला असेल तेव्हा नाक बंद असेल.

सुईशिवाय चालतं. मला तीन गोष्टी लागतात : भिंग, छोटी टॉर्च आणि अंगठा. अंगठ्याने मूठ मिनिटभर जोरात चोळायची, गरम झाली की लगेच नाकाशी न्यायची. हवा असेल तर चौथा अतिनील दिवा. त्याखाली हाड आणि हस्तिदंत दोन्ही निळसर पांढरे उजळतात, आपल्या खऱ्या दातांसारखेच. पण त्या दोघांतला फरक तो सांगत नाही, म्हणून मी फारसा बाहेर काढत नाही.

आता वस्तरे. सातातला एक अलीकडच्या प्लास्टिक मुठीचा निघाला, तो पुसून परत ठेवला. उरलेले सहा.

दोन काळे वस्तरे जुळ्या भावांसारखे दिसत होते. दिरांनी दोन्हींना 'शिंगाचे' म्हणून सांगितलं होतं. मुठीच्या पट्टीची कड जिथं सगळ्यात पातळ असते तिथं मागून टॉर्च धरला. पहिल्यात कडेला मधासारखा तांबूस उजेड उतरला आणि त्यात लांबच लांब तंतू दिसले. हे शिंग. काळं म्हणवणारं शिंगही बहुतेक वेळा कडेला असं फितूर होतं. दुसऱ्यात मिट्ट अंधार. अंगठ्याने चोळलं तर गंधकाचा वास आला आणि मी एकदम लॅबमधल्या पहिल्या वर्षात जाऊन पोचले. एक म्हातारे गृहस्थ त्यांच्या वडिलांची कवळी दाखवायला घेऊन आले होते, आणि आमच्या जुन्या मेकॅनिकने ती चोळून माझ्या नाकासमोर धरली होती. "हे व्हल्कनाइट. हा वास लक्षात ठेव."

व्हल्कनाइट, एबोनाइट, हार्ड रबर, सगळं एकच : रबरात भरपूर गंधक घालून, तापवून कडक केलेला पदार्थ. अ‍ॅक्रिलिक यायच्या आधी कवळ्या याच्याच असत. कवळ्यांसाठीचं त्याचं पेटंट गुडइयर डेंटल व्हल्कनाइट कंपनीकडे होतं आणि दंतवैद्यांकडून परवान्याचे पैसे वसूल करायला कंपनीचा खजिनदार जोसाया बेकन गावोगाव खटले भरत फिरायचा. शेवटी १८७९ साली सॅन फ्रान्सिस्कोत सॅम्युअल चॅलफंट नावाच्या एका दंतवैद्याने त्याला गोळी घातली. वस्तऱ्याशी याचा संबंध नाही, पण मला हा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मुद्दा असा की रबर काही 'नैसर्गिक मूठ' नव्हे, पण किट घेणारा माणूस ते काळं शिंग समजूनच घासायला घेणार. आणि शिंगाला जे मानवतं तेच याला बाधतं. गरम पाण्यात शिंग नरम होतं, वळतं. एबोनाइट गरम पाण्यात बुडवलं की काळ्याचं मळकट तपकिरी होतं. उजेडात राहिलं तरी होतं, कारण पृष्ठभागावरचं गंधक हवेशी मिसळून आम्ल तयार होतं. या वस्तऱ्याची मूठ बाहेरून शेवाळी-तपकिरी झाली होती. पातं उघडून आत पाहिलं तर आतली बाजू कोळशासारखी काळी. ही खूण शिंगात कधी मिळत नाही. तेल तर रबराला लावूच नये. इथं मी किटमधला १५०० चा कागद जेमतेम ओला करून घेतला, चार हात मारले की कोरड्या फडक्याने पुसायचं, असं करत वरची साय काढली. खाली खरा काळा रंग होताच. मग २०००, मग पांढरी कांडी फडक्यावर घासून तिचा हात. तासाभरात ग्रामोफोनच्या तबकडीसारखी चमक आली. पांढऱ्या कांडीला इथं पूर्ण मार्क.

शिंगाच्या वस्तऱ्यावर मात्र तीन आठवडे गेले. पात्यावर शेफील्डचा, म्हणजे इंग्लंडमधल्या सुऱ्या-वस्तऱ्यांच्या गावाचा, शिक्का होता, खाली 'इंग्लंड' नव्हतं. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली कायद्यानंतर तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं, म्हणून 'इंग्लंड' किंवा 'जर्मनी' दिसलं की माल त्यानंतरचा असं धरतात. नसलं म्हणजे आधीचाच, असं मात्र नाही. सगळा माल काही अमेरिकेला जात नव्हता. शिवाय शिक्का पात्याचं वय सांगतो, मुठीचं नाही. मुठी मोडायच्या आणि नव्या बसवल्या जायच्या. रिव्हेटची (मूठ जोडणाऱ्या खिळ्यांची) डोकी एकमेकांशी जुळत नसतील तर कुणीतरी मध्ये हात घातलाय असं समजावं. इथं तिन्ही जुळत होती.

मूठ तीन दुखण्यांची होती. एक, कोरडी पडून पांढुरकी झालेली. दोन, वाकलेली, पातं मिटताना एका पट्टीवर घासत होतं. तीन, कीड लागलेली. शिंग म्हणजे केराटिन, आणि लोकर खाणाऱ्या अळ्यांना केराटिन कुठलंही चालतं. जुन्या मुठींवर उथळ, खरवडल्यासारखे खड्डे दिसतात ते बहुधा त्यांचेच. किटच्या माहितीपत्रकात याला 'वापराच्या खुणा' म्हटलंय. वाचून हसू आलं.

आणखी एक इशारा, जो किटवर कुठेच नाही. मुठीच्या शेपटाकडे दोन पट्ट्यांच्या मध्ये पाचर असते आणि जुन्या शेफील्डच्या वस्तऱ्यांत ती बरेचदा शिशाची असते. तिथं पांढरी भुकटी दिसली तर ती शिशाचीच. ते टोक कोरडं घासायचं नाही. ओल्या कागदाने घासायचं, चिखल फडक्याने टिपून ते फडकं टाकून द्यायचं, हात साबणाने धुवायचे, आसपास लहान मुलं नकोत. आणि पात्याच्या धारेला आधी मास्किंग टेप. मी पहिल्या दिवशी टेप लावली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून लावली, डाव्या हाताच्या तर्जनीला बँडेज असल्यामुळे.

तेलासाठी मी किटची बाटली उघडली. संत्र्याच्या सालीचा वास आणि गडद नारिंगी रंग. काय आहे ते बाटलीवर लिहिलेलं नाही. शिंगाला नीट्सफुट तेल चांगलं मानवतं हे मला ठाऊक होतं. गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढतात, घोड्यांच्या जिनांना आणि कातड्याला लावतात ते. उंच बारीक काचेच्या नळीत तेल ओतलं आणि वस्तरा उघडून फक्त मूठ त्यात सोडली. दहा दिवस. चौथ्या दिवसापासून फरक दिसायला लागला. पांढुरकेपणा गेला आणि कडेचा तांबूस उजेड टॉर्चशिवायही कळायला लागला. दहाव्या दिवशी पुसून दोन दिवस नुसती ठेवली, कारण तेलकट शिंगावर कागद घसरतो.

वाकलेपणा काढायला साधारण ८० अंशांचं पाणी, उकळतं नाही. चार-पाच मिनिटं धरलं, दोन लाकडी पट्ट्यांमध्ये उलट बाजूला किंचित जास्त वाकवून क्लॅम्प लावला आणि पूर्ण गार होईपर्यंत हात लावला नाही. शिंग थोडं मागे सरकतंच, म्हणून तो जास्तीचा बाक. पहिल्या खेपेला निम्मं काम झालं, दुसऱ्या खेपेला पातं बरोबर मधोमध मिटायला लागलं.

खड्डे भरायला शिंगाचाच भुगा आणि फेव्हिक्विकसारखा पातळ गोंद. एकदम भरायचं नाही, थर द्यायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा. इथंच, फक्त इथंच ३२० चा कागद वापरला. तो शहाण्याने डब्यातून काढून वेगळाच ठेवावा. सुरुवातीलाच पूर्ण मुठीवर फिरवला तर त्याच्या रेघा काढता काढता नाकी नऊ येतात. पुढचे कागद मात्र खरोखर उत्तम आहेत. पाण्यात पाठ फुगत नाही, कण झडत नाहीत, एक तुकडा मुठीच्या दोन्ही बाजूंना पुरतो. घासण्याची आमच्या लॅबची रीत अशी : ६०० उभा मारला तर १००० आडवा, १५०० पुन्हा उभा. दिशा बदलली की मागची रेघ उरली असेल तर लगेच उठून दिसते, आणि ती पूर्ण जाईपर्यंत पुढच्या नंबरला शिवायचं नाही. लोक शेवटच्या कांडीवर तास घालवतात आणि चमक का येत नाही म्हणतात. ती ६०० वरच राहून गेलेली असते.

२००० नंतर मी माझ्याकडचे मायक्रो-मेशचे पॅड काढले. विमानांच्या अ‍ॅक्रिलिक खिडक्यांचे ओरखडे काढायला वापरतात तेच. नऊ पॅडांचा संच, १५०० पासून १२००० पर्यंत. त्यांची नंबरपद्धत कागदापेक्षा वेगळी आहे, हे न कळल्यामुळे किती जणांनी काम बिघडवलं असेल देव जाणे. कागदावरच्या पी १५०० चा कण साधारण १२-१३ मायक्रॉनचा असतो, मायक्रो-मेश १५०० चा जवळपास ३० मायक्रॉनचा. म्हणजे २००० चा कागद संपवून तुम्ही संचातला पहिला पॅड उचललात, तर थेट ६०० च्या आसपास खाली उतरलात. मी थेट ३६०० पासून सुरू केलं आणि १२००० पर्यंत गेले. शिंगावर शेवटी जी झिलई आली तिला कांडीची गरजच राहिली नाही. मऊ फोममुळे पॅड मुठीच्या गोलाईवर बसतात, कागदासारखे कडेला खणत नाहीत. किटवाल्यांनी दोन कांड्यांऐवजी शेवटचे चार पॅड दिले असते तर मी आज वेगळ्या सुरात लिहिलं असतं.

ज्यांच्याकडे बफचं यंत्र आहे त्यांना एकच सांगते. शिंगावर चाक टेकवल्यावर केस जळल्याचा वास आला तर उशीर झालाय. शिंग थरांचं असतं आणि उष्णतेने थर सुटतात. कवळी अशी जाळल्यावर नवी करता येत होती.

ठिपक्यांचा वस्तरा सगळ्यांत देखणा. पिवळसर पारदर्शक मूठ, त्यावर तपकिरी-काळे डाग. दीर म्हणाले, कासवाचं कवच. मला कड पाहिल्यावर शंका आली : डाग पट्टीच्या जाडीतून आरपार गेलेले नव्हते, वरच्या कातडीपुरतेच होते. भिंगाखाली खऱ्या कवचातला डाग बारीक बारीक ठिपक्यांनी बनलेला दिसतो, छापील फोटोसारखा. इथं रंग पसरला होता आणि खालून शिंगाचे तंतू सरळ वाहत होते. हे रंगवलेलं शिंग. पूर्वी कळीचा चुना, मुरदाडशिंग (शिशाचं एक संयुग) आणि साबणाचं तिखट पाणी यांची लुगदी करून शिंगावर डागांच्या आकारात थापायचे. शिसं केराटिनमधल्या गंधकाला धरतं आणि काळं पडतं. म्हणजे हा रंग लावलेला नाही, शिंगातच उमटलेला आहे; पण उमटलाय तो केसभर खोल. किटच्या पत्रकातली '३२० पासून सुरुवात करा' ही सूचना इथं पाळली असती तर दहा मिनिटांत कासवाचं नुसतं शिंग झालं असतं. मी फक्त शेवटचे तीन पॅड, अगदी हलक्या हाताने. दोन ओरखडे तसेच राहू दिले.

खरं कवच निघालं असतं तर दुसरीच डोकेदुखी होती. ज्या समुद्री कासवाचं ते असतं त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला १९७७ पासून साइट्स कराराने (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) बंदी आहे. आफ्रिकी हत्तीवरही तोच शिक्का १९८९ साली बसला. जुनी वस्तू घरात असणं वेगळं आणि विकणं किंवा सीमेपार पाठवणं वेगळं. विकायचा विचार असेल तर मूठ घासण्याआधी कायदा वाचा.

राहिले तीन पांढरे. कागदावर तिन्ही 'हस्तिदंती'. प्रत्यक्षात तीन जातींचे.

पहिल्याच्या मुठीवर बारीक सरळ रेघा, वहीच्या पानावर असाव्यात तशा समांतर, एकसारख्या अंतरावर. हत्ती इतका शिस्तीचा नसतो. खऱ्या हस्तिदंताच्या लांबीतल्या रेघा किंचित लहरत, जवळ येत, दूर जात चालतात. त्याच्या ओळखीची एकमेकांना छेदणारी जाळी आडव्या छेदात दिसते आणि वस्तऱ्याच्या पातळ पट्टीत असा छेद जवळजवळ मिळतच नाही, त्यामुळे जाळी दिसली नाही म्हणून घाबरू नये. अंगठा चोळला. कापूर. 'फ्रेंच आयव्हरी' म्हणून विकलं गेलेलं सेल्युलॉइड. हेही माझ्या धंद्यातलंच निघालं : अमेरिकेत हायट बंधूंनी १८७० साली सेल्युलॉइडचं पेटंट घेतलं तेव्हा कंपनी काढली ती कवळ्यांच्या प्लेटांची. त्या कवळ्यांना कापराची चव यायची म्हणे. जेवणाचं काय होत असेल!

या वस्तऱ्याच्या पात्यावर गंज होता, पण फक्त मिटल्यावर मुठीत जातो तेवढ्या भागावर. पात्याच्या मागच्या दांडीवर शिंपल्याचे तुकडे बसवले होते, त्यांचीही चमक गेली होती. दमट जागेचा गंज असा मोजून मापून चढत नाही. सेल्युलॉइड कुजायला लागलं की त्यातून नायट्रोजनचे आम्लधर्मी वायू सुटतात, ते पोलाद खातात, आणि शिंपल्याचा खडू तर आम्लाला आणखी लवकर बळी पडतो. मूठ अजून शाबूत दिसत होती, एका टोकाला फक्त आतून बारीक चिरा, बर्फात पडतात तशा. याला मी घासलं नाही. कुजणं थांबवणारं पॉलिश कुणी बनवलेलं नाही, आणि त्याचा कोरडा भुगाही ज्वालाग्राही असतो. गंज काढून पात्याला तेल लावलं, आणि हा वस्तरा बाकीच्यांपासून वेगळा, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या डबीत ठेवला. हवाबंद डब्यात बाकी वस्तऱ्यांसोबत ठेवला असता तर त्यांचंही पोलाद गेलं असतं.

दुसरा पांढरा हाडाचा. भिंगाखाली बारीक काळपट टिंबं आणि छोट्या आडव्या रेघा, जणू कुणी पेन्सिलीचं टोक टेकवून ठेवलंय. त्या रक्तवाहिन्यांच्या नळ्या. हस्तिदंतात त्या नसतात, म्हणून ही ओळख सगळ्यात सोपी आणि सगळ्यात खात्रीची. इथं माझी चूक झाली. 'कोरडं झालंय, तेल पिऊ दे' म्हणून किटचं नारिंगी तेल हाडाला लावून रात्रभर ठेवलं. पत्रकात तर २४ तास भिजवा असं आहे. सकाळी मूठ झेंडूच्या रंगाची. हाडाच्या त्या नळ्या म्हणजे फुकटचे टीपकागद, रंग थेट आत. ३१ वर्षांत दातांवर चहाचे डाग पाहिलेल्या बाईने हे करावं! ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड कापसावर घेऊन, पोलादाला लागू न देता, चार दिवस पट्ट्या ठेवल्या. निम्मा रंग गेला. उरलेला तिथंच आहे आणि राहणार. तेल फक्त शिंगाचं, हे बाटलीवर एका ओळीत लिहिता आलं असतं.

हाडाच्या पॉलिशलाही तेच. तपकिरी कांडी त्या टिंबांत जाऊन बसते आणि मूठ घामोळ्या आल्यासारखी दिसते. मी लॅबची जुनी खडूची पूड काढली, चमचाभर पाण्यात कालवून फ्लॅनेलवर घेतली. काळ्या वॉटर पेपरचा चिखलही हाडात मुरतो, म्हणून पांढऱ्या कणांचा कागद वापरावा. तो किटमध्ये नाही.

तिसरा पांढरा खरा होता. पातळ, हाताला गार, त्या आकाराच्या सेल्युलॉइडपेक्षा वजनदार, लोण्यासारखा पिवळा. शेफील्डमध्ये जोसेफ रॉजर्स या सुऱ्या-वस्तऱ्यांच्या कंपनीकडे हस्तिदंताची कोठारंच असायची, तिथलाच एखादा दात असेल असं मनात आलं. पात्यावरचा शिक्का मात्र इतका झिजलाय की काही म्हणता येत नाही. मागच्या रिव्हेटपासून एक केसासारखी चीर. हस्तिदंत पाणी पितं आणि सोडतं, त्यात फुगतं आणि आक्रसतं, म्हणून ना भिजवणं, ना तेल, ना गरम पाणी. पिवळेपणा म्हणजे मळ नाही, तो वयाने आलेला रंग आहे. तो घासून काढला की उरतं ते शौचालयाच्या टाइलसारखं पांढरं. कापसाची काडी जेमतेम ओली करून मळ टिपला, लगेच कोरडा केला. वर रेनेसान्स वॅक्सचा पुसटसा हात. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात तयार झालेलं हे मेण. बोटाच्या टोकाएवढं पुरतं, चिकटत नाही, बोटांचे ठसे धरत नाही. किटमधलं काहीही या वस्तऱ्याला लावलं नाही. फ्लॅनेलसुद्धा नाही, कारण तोवर ते नारिंगी झालं होतं.

तर हिशेब. कागद पाचपैकी पाच, पुन्हा घेईन, ३२० सोडून. पांढरी कांडी चार, एबोनाइट आणि शिंगापुरती. तपकिरी कांडी काळ्या शिंगाला चालते, पांढऱ्या वस्तूंच्या जवळ नको, दोन. तेल एक, तेही बाटली काचेची आहे म्हणून. कार्डाला भोपळा. सुटं घ्यायचं असेल तर ६०० ते २००० चे वॉटर पेपर, मायक्रो-मेशचे बारीक पॅड, शिंग असेल तर नीट्सफुट तेल आणि शेवटी मेणाची लहान डबी. एवढ्यात सगळं होतं आणि डब्याची गरज उरत नाही.

दिरांना सेल्युलॉइडचं सांगितलं तेव्हा पटलं नाही. लहानपणापासून तो वस्तरा हस्तिदंताचा म्हणून ऐकलेला. मी काही बोलले नाही, मूठ त्यांच्याच अंगठ्याने चोळायला लावली. त्यांनी वास घेतला, पुन्हा घेतला, आणि म्हणाले, "देव्हाऱ्यासारखा येतोय." मग डबीची भोकं पुरेशी आहेत का ते मोजत बसले.